लेखजतन, खानदेशातील : शिलालेखापासून चुंबकीय तबकडीपर्यंत

मजकूर ज्या द्रव्यावर उमटविला जातो ते द्रव्य निकामी होऊ लागले असता, मजकूर वाचण्याजोगा आहे तोवरच तो दुसऱ्या द्रव्यावर उतरवून घेणे, हा लेखजतनाचा गाभा होय. दगड, ताम्रपट, हातकागद, छापील पुस्तक, सूक्ष्मपट आणि संगणकातील चुंबकीय तबकडी ही सर्व या दृष्टीने एकाच जातीची साधने आहेत. फरक आहे तो त्यांच्या आयुष्याचा व नाशाच्या रीतीचा. दगड शतकानुशतके झिजतो, कागद पिढ्यान्‌पिढ्या कुजतो. व्यवहारात ‘हार्ड डिस्क’ म्हणून ओळखली जाणारी तबकडी मात्र चारसहा वर्षे निमूटपणे काम करते आणि एखाद्या दुपारी टकटक असा आवाज करून थांबते. जळगाव, धुळे व (१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला) नंदुरबार या जिल्ह्यांच्या, म्हणजे जुन्या खानदेशाच्या, इतिहासात या सर्व अवस्थांची उदाहरणे मिळतात. म्हणून तबकडीचा विचार येथे त्या प्रदेशाच्या संदर्भात केला आहे.

चाळीसगावजवळील पाटण (पाटणे) येथील शिलालेख हे यांतील सर्वांत बोलके उदाहरण. शके ११२८ चा (इ. स. १२०७) हा लेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा आहे. चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने येथे मठ स्थापिला व निकुंभ घराण्यातील सोइदेव आणि हेमाडिदेव या बंधूंनी त्यास दाने दिली, असे लेखात नमूद आहे. लेख संस्कृतात असून त्याचा काही भाग मराठीत आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणून १८६५ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे कीलहॉर्न यांनी १८९२ च्या सुमारास त्याचे चिकित्सक संपादन केले. मठ आज नाही. तेथे काय शिकविले गेले, कोणी शिकविले, याचा मागमूस उरला नाही. परंतु ज्या ग्रंथांसाठी मठ काढला ते ग्रंथ सुरक्षित राहिले, कारण ते केवळ पाटणात नव्हते. भारतभरच्या अभ्यासकांनी त्यांच्या पोथ्या उतरवून घेतल्या होत्या. अकबराच्या काळी फैजीने लीलावतीचे फार्सी भाषांतरही केले (१५८७). दगड टिकाऊ खरा, पण त्यावरील मजकुराची एकच प्रत असते. पोथी नाजूक, पण तिच्या प्रती अनेक. ग्रंथ वाचविले ते पोथ्यांनी.

कागदाच्या बाबतीत खानदेश केवळ ग्राहक नव्हता. एरंडोल व यावल ही गावे जाड्याभरड्या देशी कागदाच्या उत्पादनासाठी एके काळी प्रसिद्ध होती आणि एरंडोलचा हा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभीही काही प्रमाणात टिकून होता. चिंध्या, जुने दोर, गोणपाट यांच्या लगद्यापासून केलेला व गुळगुळीत दगडाने घोटलेला हातकागद गिरणीच्या स्वस्त कागदापेक्षा अधिक टिकाऊ असतो; लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद पन्नाससाठ वर्षांत पिवळा पडून तुटू लागतो. काजळ व डिंक यांची शाई उजेडाने उडत नाही, मात्र पाणी लागताच पसरते. वाळवी, कसर, दमट भिंत आणि गळके छप्पर हे दप्तराचे शत्रू. कागद रुमालात घट्ट बांधून फडताळात ठेवण्याची रीत यांपैकी निम्म्या शत्रूंना अडवी. उरलेल्यांना अडविणारा उपाय एकच, तो म्हणजे नक्कल.

धुळे शहरात या नकलेच्या कार्याला संस्थारूप आले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, रामदासी मठामठांतील बाडे व पोथ्या जमविल्या आणि त्यांच्यासाठी १९३५ मध्ये समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांनी गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचे, कित्येकदा अर्धवट कुजलेले कागद तपासले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले व लगोलग १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. राजवाड्यांच्या कार्यातच नकलेची थोरवी आणि मर्यादा दोन्ही दिसतात. त्यांना मिळालेल्या ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीचा पाठ त्यांनी १९०९ मध्ये छापला. मूळ पोथी पुढे उपलब्ध राहिली नाही. तिच्या नाशाविषयी निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. छापील प्रतीमुळे पाठ राहिला, परंतु त्यातील शंकास्थळे मूळ पोथीशी ताडून पाहण्याची वाट कायमची बंद झाली. नक्कल झाली म्हणून मूळ टाकून देऊ नये, निदान ती पडताळून पाहीपर्यंत तरी, हा नियम पुढे तबकडीच्या संदर्भातही येतो.

कागदापर्यंत न पोहोचलेल्या मजकुराचे उदाहरण जळगावचे आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरकाम व शेतकाम करता करता रचली गेली आणि त्यांच्या स्मरणातच राहिली. त्यांतील काही गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी कागदावर टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर ही वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी हा संग्रह निघाला. जी गाणी टिपली गेली नाहीत ती बाईंबरोबर गेली. त्यांची मोजदाद करण्यास आज कोणतेही साधन नाही. एकुलत्या एका ठिकाणी असलेला मजकूर म्हणजे काय, हे याहून नेमके सांगणारे उदाहरण मराठीत बहुधा नसेल.

चुंबकीय तबकडीचा इतिहास १९५६ मध्ये अमेरिकेत सुरू होतो. आयबीएम कंपनीने त्या वर्षी जाहीर केलेल्या रॅमॅक या यंत्रात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या पन्नास तबकड्या एका आसावर फिरत. त्यांवर सु. पन्नास लाख अक्षरे मावत. यंत्राचे वजन सु. एक टन होते. १९७३ मध्ये याच कंपनीने तबकडी व शीर्ष एकाच बंद पेटीत ठेवणारी ‘विंचेस्टर’ रचना आणली आणि पुढील सर्व तबकड्या तिच्याच वंशातील होत. १९८० मध्ये सीगेट या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या कंपनीची पाच मेगाबाइटची छोटी तबकडी निघाली व व्यक्तिगत संगणकात तबकडीचा प्रवेश झाला. लॅपटॉपमध्ये रूढ झालेली अडीच इंची तबकडी १९८८ मधील. तिची धारणक्षमता २० मेगाबाइट होती. त्याच वर्षी फेर व ग्र्यूनबेर्ख यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या महाचुंबकीय रोध परिणामामुळे (नोबेल पारितोषिक, २००७) अतिसूक्ष्म चुंबकीय खुणाही वाचता येऊ लागल्या आणि क्षमता झपाट्याने हजारो पटींनी वाढली. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्हा कचेऱ्यांना संगणकाच्या जाळ्यात आणले ते १९८० नंतरच्या दशकात. त्यानंतर शाळा, वकिली कार्यालये, छापखाने, पतपेढ्या व अखेरीस घरे असा तबकडीचा प्रसार झाला. महाराष्ट्रात सातबाराचा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला तो २०१८ पासून. त्याची मूळ नोंद शासकीय सर्व्हरवर असते, तलाठ्याच्या लॅपटॉपमध्ये नव्हे. खाजगी कागदांना असे संरक्षण नाही. आजोबांच्या पत्रांची छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती, शोधप्रबंधाचा मसुदा, अहिराणी गीतांचे ध्वनिमुद्रण ही सर्व बहुधा एकाच लॅपटॉपमध्ये, एकाच तबकडीवर असतात.

तबकडी काचेची किंवा ॲल्युमिनियमाची असून तिच्यावर कोबाल्टच्या मिश्रधातूचा अत्यंत पातळ थर असतो. लॅपटॉपमधील तबकडी मिनिटाला सामान्यतः ५,४०० फेरे घेते. वाचन-लेखन करणारे शीर्ष तिच्यावर हवेच्या पातळ गादीवर तरंगते. हे अंतर काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या एका हजारांशाहूनही पुष्कळ कमी असते. चालू लॅपटॉप खाटेवरून पडला, तर शीर्ष थरावर आपटून ओरखडा उठतो. सुटलेले कण पुन्हा शीर्षाखाली येतात आणि ओरखडा वाढत जातो. याखेरीज आसाचे धारवे झिजणे, विद्युत् मंडल जळणे व थराचे सुटे भाग वाचता न येणे हे बिघाडाचे प्रकार आहेत. शेवटच्या प्रकारात तबकडी स्वतःच खराब खंडाऐवजी राखीव खंड वापरू लागते व त्याची नोंद ठेवते. ही नोंद ‘स्मार्ट’ या स्वयंनिदान पद्धतीने वाचता येते. ‘बदललेले खंड’ व ‘प्रलंबित खंड’ हे दोन आकडे शून्यावरून वाढू लागले, की तबकडीचा भरवसा संपला असे धरावे. फाइल उघडण्यास अकारण वेळ लागणे, संगणक मध्येच गोठणे, नावे विचित्र दिसणे ही बाह्य लक्षणे होत. ठरावीक अंतराने येणारी टकटक मात्र शीर्षाला आपली जागा सापडत नसल्याची खूण आहे. तेव्हा वेळ फारच थोडा उरलेला असतो.

खानदेशाच्या हवामानामुळे येथे तबकड्या लवकर मरतात, असा समज आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५° से. च्या वर जातो, हे खरे. बहुतेक उत्पादक तबकडीसाठी सु. ६०° से. ही कमाल मर्यादा सांगतात आणि बंद खोलीत, उशीवर ठेवून वायुमार्ग अडवलेल्या लॅपटॉपचे आतील तापमान ती मर्यादा सहज गाठते. तथापि उष्णतेला एकट्यानेच दोषी धरणे बरोबर नाही. गूगल कंपनीतील पिन्हेरो, वेबर व बारोसो यांनी एक लाखाहून अधिक तबकड्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तापमान व बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच क्षीण आढळला. अतिउच्च तापमानालाच काहीसा परिणाम दिसला. अर्थात त्या तबकड्या नियंत्रित हवेत होत्या, धुळ्याच्या पत्र्याच्या छपराखाली नव्हत्या. याच अभ्यासातील दुसरे दोन निष्कर्ष अधिक उपयोगी आहेत. पृष्ठतपासणीत पहिली चूक आढळलेली तबकडी, चूक न आढळलेल्या तबकडीच्या तुलनेत, पुढील साठ दिवसांत निकामी होण्याचा संभव ३९ पट असतो. आणि निकामी झालेल्या तबकड्यांपैकी निम्म्याहून अधिक तबकड्यांनी स्वयंनिदानाच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखविली नव्हती. म्हणजे इशारा मिळाला तर तो खरा मानावा, पण इशारा मिळेलच असे मानू नये. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घ भारनियमन होते. त्याचा त्रास मेजावरच्या संगणकांना अधिक झाला. लॅपटॉपला त्याची बॅटरी वाचवीत असे.

बिघाड दिसताच करावयाचा उपाय हा पोथी उतरविणाऱ्याच्या शहाणपणाचाच आहे : जीर्ण पान वारंवार उलटू नये. तबकडीवर नवीन काहीही लिहू नये. संगणकातील ‘चेकडिस्क’सारखी दुरुस्तीची आज्ञा आधी देऊ नये, कारण ती मरणोन्मुख तबकडीला फिरफिरून वाचायला लावते व वर तिच्यावर लिहितेही. प्रथम, पुन्हा मिळणार नाही असा मजकूर काढून घ्यावा. चित्रपट व आज्ञावली नंतर, किंवा नाहीच. तबकडी फारच अडखळत असेल, तर फाइली एकेक उचलण्यापेक्षा संपूर्ण तबकडीची खंडशः प्रतिमा दुसऱ्या, तेवढ्याच वा मोठ्या तबकडीवर घ्यावी. अंतोनिओ दियास दियास यांनी २००४ मध्ये मुक्तपणे उपलब्ध केलेली ‘डीडीरेस्क्यू’ ही आज्ञावली हेच करते. ती वाचता येणारा भाग आधी उतरविते, अडलेल्या जागा टिपून ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. काम मध्येच थांबले तरी टिपणावरून पुढे चालू करता येते. पोथीतील तुटलेली अक्षरे रिकामी सोडून पुढे जाणाऱ्या जुन्या लेखनिकाची रीत वेगळी नव्हती. तबकडीची पेटी घरी उघडू नये; धुळीचा एक कण शीर्षाखालच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. बिघडलेली तबकडी शीतकपाटात ठेवण्याचा एक घरगुती उपाय सांगितला जातो. बाहेर काढताच तिच्यावर दव धरते, तेव्हा त्याच्या वाटेस न जाणे चांगले. टकटक करणाऱ्या तबकडीवरील मजकूर खरोखर अमोल असेल, तर ती बंद करून निर्धूळ कक्ष असलेल्या तज्ज्ञाकडे द्यावी. हे काम खर्चाचे असते आणि यशाची हमी नसते.

बदली तबकडी निवडताना प्रथम मापे पाहावी लागतात. अडीच इंची तबकडीच्या जाडीची १२·५, ९·५ व ७ मिमी. अशी मापे आहेत. पातळ तबकडी जाड खणात बसते, उलट होत नाही. २००३ नंतर आलेल्या साटा जोडणीने जुनी रुंद जोडणी हटविली. अगदी जुना लॅपटॉप असल्यास जोडणी तपासूनच दुकानात जावे. नव्या यंत्रांत च्युइंगगमच्या वडीसारखी पातळ एम.२ पट्टी असते आणि तिच्यातही दोन निराळे प्रकार एकाच आकाराच्या खाचेत बसतात, पण दोन्ही चालतीलच असे नाही. काही यंत्रांत साठा मुख्य फलकावरच डाखाने जोडलेला असतो. तेथे बदलीचा प्रश्नच उरत नाही. ५०० गिगाबाइटची तबकडी संगणकात ४६५ दिसते. येथे दुकानदाराने फसविलेले नसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १,०२४ च्या पटीत, एवढेच.

खरी निवड फिरती तबकडी व घनावस्था साठा, म्हणजे ‘एसएसडी’, यांत असते. एसएसडीचे मूळ तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या संशोधनात आहे. तिचा आधार असलेली नँड स्मृती १९८७ मध्ये पुढे आली. तिच्यात फिरणारा भाग नाही, त्यामुळे मोटारसायकलचे हादरे तिला बाधत नाहीत. ती कमी वीज घेते व कमी तापते, आणि जुन्या लॅपटॉपला तिच्यामुळे येणारी चपळाई पाहून मालकास नवा संगणक घेतल्यासारखे वाटते. लॅपटॉपच्या आत बसविण्यासाठी आज तिलाच पसंती द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र तिचे दोष निराळे आहेत. तिच्या प्रत्येक पेशीवर मर्यादित वेळाच लिहिता येते. ती बहुधा पूर्वसूचना न देता एकदम मूक होते. पुसलेला मजकूर ती पार्श्वभूमीवर स्वतःच साफ करीत असल्याने परत मिळण्याची आशा फार थोडी असते. शिवाय मजकूर विद्युत् भाराच्या रूपाने असल्यामुळे वीज न देता ठेवलेल्या एसएसडीतून तो हळूहळू पाझरतो. जेडेक या संस्थेच्या प्रमाणानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने तिचे लेखन-आयुष्य संपल्यावर ३०° से. तापमानात विजेविना एक वर्ष मजकूर राखला पाहिजे. तापमान वाढते तशी ही मुदत झपाट्याने घटते. नवी एसएसडी याहून पुष्कळ काळ तग धरते. तरीही खानदेशातील उन्हाळा लोखंडी कपाटात काढणाऱ्या राखीव प्रतीसाठी फिरती तबकडी अधिक बरी, आणि तीही वर्षातून एकदोनदा फिरवून तपासलेली. फिरत्या तबकड्यांचा पुरवठा मोजक्या कारखान्यांवर अवलंबून असतो. २०११ मध्ये थायलंडमधील पुराने तेथील कारखाने बुडाले, तेव्हा जगभर त्यांच्या किमती वाढल्या होत्या.

मजकूर नव्या तबकडीवर सुखरूप आला तरी तो वाचता येईलच, असे नाही. मराठीच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र आहे. १९९० नंतरच्या दशकातील मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा निरनिराळ्या प्रणालींत टंकलिखित झाला. प्रत्येकीच्या अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी होती. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की हे समान संकेतन प्रमाण म्हणून स्वीकारले व त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. परंतु छापखान्यांत व घराघरांत युनिकोड रुळण्यास आणखी दहापंधरा वर्षे लागली. तबकडी बदलताना जुना टंक नव्या संगणकावर घातला नाही, तर दिवाळी अंकाचा संपूर्ण मजकूर रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या गोंधळाच्या रूपात दिसतो. मोडीची गत अशीच झाली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतून गेली आणि शाबूत राहिलेले रुमालही बहुसंख्य वारसांना मुके झाले. जुन्या तबकडीवरून मजकूर काढताना टंकाच्या फाइलीही काढून घ्याव्यात आणि जमेल तितका मजकूर लगेच युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा. रूपांतरात जोडाक्षरे व रफार यांच्या चुका हटकून होतात, त्यामुळे मूळ फाइलही राखावी.

काढलेली जुनी तबकडी नवी प्रत उघडून, पडताळून व दुसऱ्या ठिकाणी आणखी एक प्रत ठेवून झाल्यावरच टाकावी. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून ते झाकीत, पण खालचे अक्षर निरखून पाहणाऱ्यास कधीकधी दिसे. संगणकात पुसलेल्या फाइलीचेही तसेच आहे. फिरत्या तबकडीवर नुसते पुसलेले नाव मजकूर नाहीसा करीत नाही, त्यावर दुसरे काही लिहावे लागते. म्हणून बँकेचे वा रुग्णांचे कागद असलेली तबकडी भंगारात देण्यापूर्वी तिच्यावर आरंभापासून अखेरपर्यंत शून्ये लिहावीत. ती चालतच नसेल, तर आतील चकतीस छिद्र पाडून ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी. अशा कचऱ्याविषयीचे नियम भारतात १ मे २०१२ पासून अमलात आले व २०२३ पासून त्यांची सुधारित आवृत्ती लागू आहे.